चॉकलेटांची नळी

प्लास्टिकची पांढरी नळी होती. सांडपाण्याच्या कामाला वापरतात तीच. तिच्यावर नारिंगी रिबन गुंडाळली होती, तोंडाशी काळ्या कागदाची वटवाघळं चिकटवली होती, आणि तिचं वरचं टोक माझ्या नवऱ्याच्या खोलीत गेलं होतं. बघताक्षणी मला शिसारी आली. रिबन गुंडाळली म्हणून सांडपाण्याची नळी काही शोभेची होत नाही.

अशा नळ्या त्या दुपारी वृद्धाश्रमाच्या दर्शनी बाजूच्या प्रत्येक खिडकीतून खाली उतरल्या होत्या. वृद्धाश्रमाचं नाव मी सांगत नाही. ते ऐकलं तर तुम्हाला वाटेल, तिथं कुरणात हरणं चरत असतील. प्रत्यक्षात पुढे गाड्या लावायची जागा आहे आणि मागे मक्याचं शेत, तेही कापणी होऊन नुसते खुंट उरलेलं.

"यंदाही हॅलोविन साजरं होणारच! आणि अगदी सुरक्षित!" असं ब्रिएलने सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं. ब्रिएल म्हणजे तिथली करमणूक-प्रमुख. वय पंचविशीचं, आणि दर वाक्याला टाळी वाजवायची खोड. तिची कल्पना अशी, की गावातली मुलं सोंगं घेऊन रांगेने येतील, एकेका खिडकीखाली पिशवी धरतील, आणि आतले म्हातारे हातमोजे घालून नळीतून चॉकलेटं सोडतील. कुणी कुणाच्या जवळ जायचं नाही, कुणी कुणाला शिवायचं नाही. चॉकलेटंसुद्धा आठवडाभर वेगळ्या खोलीत कोंडून ठेवली होती, जणू त्यांनाच ताप चढला होता.

आणि विनोद बंद! हे मात्र मला दोनदा वाचावं लागलं.

आमच्या आयोवातल्या या भागात चॉकलेट फुकट मिळत नाही. हॅलोविनच्या आदल्या संध्याकाळी मुलं दारोदार मागायला येतात, पण आधी दारात उभं राहून एक विनोद सांगावा लागतो. माझ्या आईने सांगितला, मी सांगितला, माझ्या मुलीने सांगितला. दुसरीकडची मुलं नुसती पिशवी पुढे करतात म्हणे. ती कसली रीत! पण बोलताना तुषार उडतात, म्हणून यंदा विनोद पुठ्ठ्यावर लिहायचा आणि काचेसमोर धरायचा, असं ब्रिएलबाईंनी ठरवलं होतं.

माझा नवरा डेलमार रोहवेडर याबाबतीत गावात प्रसिद्ध होता. सारं आयुष्य तो धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी उभा राहिला आणि घरच्या दारातही तसाच उभा राहायचा. हाताची घडी, सदऱ्याची गळ्यापर्यंत लावलेली बटणं. विनोद शेवटपर्यंत ऐकायचा. हसायचा नाही. मग "ठीक आहे, चालेल," म्हणायचा आणि चॉकलेट द्यायचा. त्याला हसवून दाखवायचं म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाची पोरं आमच्याकडे यायची. कुणाला जमलं नाही, मलाही फारसं जमलं नाही.

गेल्या जानेवारीत त्याला तिथं ठेवावं लागलं. त्याची आठवण जायला लागली होती. मध्येच उठून शेगडी पेटवायचा आणि विसरून जायचा. एकदा पडद्याने पेट घेतला, तेव्हा मी त्याच्यावर फार ओरडले आणि मग मुलीला फोन केला. मार्चमध्ये वृद्धाश्रमाची दारं बंद झाली. खिडक्यांना स्क्रू मारले. तेव्हापासून मी दर मंगळवारी काचेबाहेर उभी राहते. मास्क लावून. काच बंद, मी उघड्यावर, तरी मास्क. नियम आहे, मी पाळते. महामारी हे थोतांड आहे म्हणणाऱ्यांचा मला मनापासून वीट आलेला आहे. मे महिन्यात त्या इमारतीतून एकामागून एक माणसं गेली. चर्चमध्ये माझ्या शेजारी बसणारी आयलीन त्यातच गेली, आणि तिच्या दफनाला आम्ही आपापल्या गाड्यांत काचा वर करून बसून होतो. तेव्हा काळजी कशी घ्यायची हे मला कुणी शिकवायला येऊ नये.

पण डेलमारला ऐकू कमी येतं. फोन कानाला लावला की त्याचं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि तो फोन सरळ टेबलावर ठेवून देतो. बंद काचेतून तर काहीच पोचत नाही. मी एवढंच मागितलं होतं, की खिडकी दोन बोटं उघडा. मी जमिनीवर बसून बोलेन, एकावर एक दोन मास्क लावेन, हवं तर तोंड दुसरीकडे करून बोलेन. "धोरणात बसत नाही," हे उत्तर. एप्रिलमध्ये हेच, जुलैमध्येही हेच.

सप्टेंबरात मिरसादाने मला गाडीपाशी गाठलं. मिरसादा तिथली सेविका. बोस्नियातून आमच्याकडे आली त्याला आता वीस-पंचवीस वर्षं झाली असतील. त्या इमारतीत माणसासारखी वागणारी ती एकच.

"आर्डिथबाई, सांगू की नको कळत नाही," ती म्हणाली. "ते आता विचारत नाहीत."

"काय विचारत नाही?"

"तुम्ही कुठं आहात ते. आधी रोज विचारायचे. जेवायच्या आधी, जेवण झाल्यावर. आता गप्प असतात."

विचारणं थांबलं, म्हणजे त्याने आपलं उत्तर आपणच काढलं होतं. मी सोडून गेले, हे ते उत्तर. मला त्याच्याकडून बाकी काही नको होतं. नाव विसरला तरी चालेल, लग्न विसरला तरी चालेल. मी त्याला टाकून गेलेली नाही, एवढं एक वाक्य त्याच्या कानात घालायचं होतं. त्यासाठी दोन बोटं खिडकी हवी होती.

आणि आता तीच खिडकी वीतभर उघडली होती, खाली लाकडी फळी बसवली होती, फळीला भोक पाडून त्यात नळी खुपसली होती. चॉकलेटांसाठी!

"आई, तू काही बोलायचं नाहीस," माझ्या मुलीने, रेनेने, गाडीतच बजावलं होतं.

"मी कुठं काय बोलते?"

"तुझे डोळे बोलतात. मास्क लावला तरी कळतं सगळ्यांना."

बरोबर नात होती, जोसी. ती मक्याचं कणीस झाली होती. सोबत लहान मूल असेल तरच मोठ्यांना आवारात सोडत होते, म्हणून मी तिच्या मागोमाग घुसले होते. जमिनीवर लांब लांब पिवळ्या चकत्या चिकटवल्या होत्या आणि मुलं शहाण्यासारखी एकेका चकतीवर उभी होती. त्यांचे आईबाप मात्र बाजूच्या टेबलाभोवती खांद्याला खांदा लावून सफरचंदाचा गरम रस पीत होते. मास्क सगळ्यांच्या हनुवटीखाली. एका गृहस्थाने डावाने रस ओतून घेतला, डावाच्या कडेला आलेला थेंब बोटाने निपटला, बोट चाटलं आणि डाव परत भांड्यात सोडला. पुढे एक पोरगा मुलांच्या कपाळावर ताप मोजायचं यंत्र पिस्तुलासारखं रोखत होता. त्याच्या शेजारची बाई प्रत्येकाच्या हातावर चिकट जंतुनाशक ओतत होती. जोसीच्या हातात लोकरी मोजे होते. तिने मोज्यांवरच ओतलं.

"आजी, हे गिळगिळीत लागतंय," जोसी म्हणाली.

"पूस माझ्या कोटाला."

मग खिडक्या सुरू झाल्या. पहिल्या खिडकीत मिस ओट होत्या. या बाईंनी मला शाळेत भागाकार शिकवला. वर्गात पेन्सिल पडली तरी सगळ्यांच्या पोटात गोळा यायचा, असा त्यांचा दरारा. त्यांच्या डोक्याला मांजरीचे कान लावले होते, नाकावर काळा ठिपका होता आणि गालांवर मिशा काढल्या होत्या. त्या समोर कुठेतरी बघत होत्या. शेजारी उभी असलेली मुलगी त्यांचं मनगट धरून त्यांच्याकडून चॉकलेट सोडवून घेत होती.

"अय्या, किती गोऽड!" रांगेतली एक आई म्हणाली आणि तिने फोटो काढला.

काय गोड? ब्याण्णव वर्षांच्या बाईला कुणी विचारलं होतं, की मिशा काढू का? हीच माणसं सात महिने आपल्या आईला खिडकीबाहेरूनसुद्धा भेटायला आली नव्हती. मला त्या क्षणी सगळ्यांचाच उबग आला. नळ्यांचा, वटवाघळांचा, त्या गरम रसाच्या दालचिनीच्या वासाचा.

तिसरी खिडकी डेलमारची. त्याला त्यांनी भोपळा केला होता.

नारिंगी कापडाचा फुगवलेला पोशाख, पोटावर वेडावाकडा जबडा रंगवलेला, डोक्यावर हिरव्या देठाची टोपी. हातात निळे रबरी मोजे. ज्या माणसाने कधी सदऱ्याचं वरचं बटण मोकळं सोडलं नाही, मुलीच्या लग्नात कोटाला फूल लावायलाही नको म्हणाला, त्याला त्यांनी भोपळा केला होता. त्याच्या मागे मिरसादा उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिचा काही दोष नव्हता.

बाहेर ब्रिएल हिंडत होती, मधमाशी होऊन. पाठीला पंख, तोंडासमोर प्लास्टिकची पारदर्शक ढाल. "डेलमार आमचा स्टार आहे!" ती म्हणाली आणि टाळी वाजवली.

मोठ्यांनी दोरीच्या अलीकडे थांबायचं होतं. जोसी एकटी पुढे गेली आणि तिने पुठ्ठा काचेला लावला. डेलमारने पुठ्ठ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने जोसीकडे बघितलं आणि त्या फुगीर पोशाखात कशीबशी हाताची घडी घातली.

मिरसादाने चॉकलेट त्याच्या हातात दिलं. त्याने ते मांडीवर ठेवलं आणि मान हलवली. आधी विनोद. रांग खोळंबली. मागून कुणीतरी म्हणालं, "काय झालं, नळी तुंबली का?"

जोसी त्याचीच नात. तिने पुठ्ठा खाली टाकला, वाकली आणि नळीत तोंड घालून ओरडली, "सांगाड्याला सारखी थंडी का वाजते?"

मग नळीतून आवाज आला, खणखणीत, वजनकाट्यावरचा. "का वाजते?"

"कारण वारा त्याच्या आरपार जातो!"

"ठीक आहे, चालेल," डेलमार म्हणाला, आणि चॉकलेट खडखडत खाली आलं.

सात महिन्यांत मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. आणि त्याने जोसीचा शब्द न् शब्द ऐकला होता. दोरी कधी ओलांडली, मला आठवत नाही. शेवंतीच्या ताटव्यात मी गुडघ्यांवर बसले होते एवढं आठवतं.

"आई! अगं आई, काय करतेस? ऊठ!" मागून रेने.

मी तोंड नळीशी नेलं. मास्क नाकावर नीट होता, हे मुद्दाम सांगते.

"डेलमार."

"आधी विनोद."

"चॉकलेट मागायला नाही आले, मूर्खा. मी आर्डिथ."

वर खुर्ची सरकली. मग त्याचा श्वास ऐकू आला, अगदी जवळ. त्याने कान नळीला लावला असावा.

"आर्डिथ?"

"हो."

"कुठं आहेस तू?"

"इथंच. तुझ्या खिडकीबाहेर."

"छे. खिडकीबाहेर ती बाई असते."

"कोणती बाई?"

"ती तोंड बांधलेली. सारखी येते. हात हलवते, बोलत काही नाही. कोण कुठली कुणास ठाऊक. मी मिरसादाला सांगतो, पडदा ओढ."

मंगळवारी पडदा ओढला जायचा तेव्हा मी समजायचे, दमला असेल.

"अरे, ती मीच," मी म्हणाले.

"नाही," तो म्हणाला. वाद घालत नव्हता, नुसतं सांगत होता. "तू असतीस तर आत आली असतीस."

वेळ थोडा होता. मधमाशी माझ्याच दिशेने निघालेली मला दिसत होती.

"आत सोडत नाहीत, डेलमार. कुणालाच नाही. बाहेर आजार आहे. मी दर आठवड्याला येते. तुला टाकून गेलेली नाही मी. ऐकलंस का?"

"मला वाटलं, शेगडीवरून रागावलीस."

"तो राग केव्हाच गेला."

"बरं," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आर्डिथ, यांनी मला कायतरी घातलंय गं. बटणंच सापडत नाहीत."

"मिसेस रोहवेडर!" ब्रिएल माझ्या डोक्यावर उभी होती. "नळी फक्त मुलांसाठी आहे!"

"दोन मिनिटं थांब."

"नाही थांबता येणार. बोलण्याने तुषार जातात आत. आपल्या सगळ्यांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे ना?"

"मुलगी आत्ता ओरडली ना त्याच्यात? तिचे तुषार काय चर्चला गेले होते?"

"तिने नियम मोडला, मी बघितलं. पण लहान आहे."

"आणि मी त्याची बायको आहे. सात महिने मी दोन बोटं खिडकी मागतेय. तुम्ही भोक पाडलंत, नळी घातलीत, वटवाघळं चिकटवलीत. मला का नाही?"

ब्रिएल मनापासून गोंधळली. तिला माझा प्रश्नच कळला नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "पण ते धोरण होतं," ती म्हणाली. "हा उपक्रम आहे."

रेनेने मला दंडाला धरून उठवलं. "माफ करा हं, आईला जरा भरून आलं," ती ब्रिएलला म्हणाली. माझी मुलगी माझ्यासाठी त्या मधमाशीची माफी मागत होती! मला रेनेचीही चीड आली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही. मला भरून आलं नव्हतं. मला किळस आली होती, आणि या दोन्हींतला फरक कुणाला कळेनासा झालाय.

नळीतून डेलमार हाका मारत होता. "आर्डिथ? आर्डिथ, आहेस का?" मागच्या मुलाने तिथं पिशवी लावली आणि वरून मिरसादाने घाईघाईने मूठभर चॉकलेटं सोडली. त्या खडखडाटात मला पुढचं ऐकू आलं नाही.

रविवारी सकाळी वृद्धाश्रमाच्या इंटरनेटवरच्या पानावर फोटो झळकला. मी ताटव्यात गुडघ्यांवर, नळीला तोंड लावून. कधी काढला देव जाणे. खाली लिहिलं होतं, "प्रेमाला वाट सापडतेच!" आणि एक भोपळा. शेकडो लोकांनी त्याला बदाम दिले. चर्चमधल्या बायकांचे मला फोन आले, की फोटो बघून रडूच आलं हो. मी म्हणाले, रडायचं कशाला, वृद्धाश्रमात फोन करा आणि नळी ठेवा म्हणून सांगा. त्यावर त्या हवापाण्याचं बोलू लागल्या.

मी स्वतः सोमवारी फोन केला. फक्त मंगळवारी, फक्त एका खिडकीला, नळीच्या तोंडाला कापड बांधून. ब्रिएल गोड आवाजात म्हणाली, "नळ्या काढून धुऊन ठेवल्यात. पुढच्या हॅलोविनला नक्की लावू!" डेलमार एक्याऐंशी वर्षांचा आहे. पुढचं हॅलोविन!

मंगळवारी मी नेहमीसारखी गेले. फळी गेली होती. खिडकी खाली आणून स्क्रू मारून टाकले होते. नवे होते, चकाकत होते. ताटव्यात माझ्या गुडघ्यांचे दोन खळगे तसेच होते, वर दोन-चार चॉकलेटांचे कागद पडलेले. ते मी उचलले, कारण दुसरं कुणी उचलणार नव्हतं.

डेलमार आत होता. अंगात त्याचा स्वतःचा सदरा होता, बटणं लावलेली, भांग पाडलेला. पडदा पूर्ण उघडा होता. असा तयार होऊन बसलेला मी त्याला मार्चपासून बघितला नव्हता. मी हात हलवला. काचेवर टकटक केलं. मास्कवर बोट ठेवून मग स्वतःकडे दाखवलं, की मी, मी.

त्याने माझ्याकडे बघितलं. ओळखीचं काही नव्हतं त्या बघण्यात, नुसता वैताग होता. मग तो खुर्चीतून वाकला आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्याला, जिथं नळी होती तिथं, कान लावून बसला.

माझा फोन वाजला. काचेपलीकडे मिरसादा फोन कानाला धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाठ केली होती.

"आर्डिथबाई," ती म्हणाली.

"बोल, मिरसादा."

"ते सकाळपास्नं तयार होऊन बसलेत. स्वतः बटणं लावली. मला पडदा ओढू देत नाहीत."

"बघतेय मी."

"ते म्हणतात, त्या बाईला जरा बाजूला व्हायला सांग. तिने जागा अडवलीय. माझी बायको येणाराय तिथनं बोलायला."

मी बाजूला झाले. काचेतून दिसणार नाही अशी भिंतीच्या आड गेले, खाली बसले, आणि त्याने कान लावला होता त्या कोपऱ्याशी तोंड नेऊन त्याला हाक मारली. काच बंद होती. तरी मारत राहिले.